धुऱ्यावरची झोळी व कास्तकारांचे कर्तव्य

बियाणे, खत, बोंडअळी आणि बाजारभाव ह्या विषयांवर शेतकीच्या मासिकात लिहिलेले कोणास नवल वाटत नाही. परंतु तान्हे मूल अंगावर कसे बांधावे आणि झोळीत कसे निजवावे हा विषय आज आम्ही हाती घेत आहो, हे पाहून कित्येक वाचकांच्या कपाळास आठ्या पडतील. हा बायकांचा विषय, घरातल्या म्हाताऱ्यांचा विषय, फार तर दवाखान्याचा विषय. कास्तकारांच्या मासिकात त्याचे काय काम, असा प्रश्न ते करतील. त्यांस आमचे उत्तर थोडक्यात असे आहे की, ते मूल आपल्या शेतात आहे. ते सातबाऱ्यावर नाही, हजेरीवर नाही, मजुरीच्या हिशेबातही नाही. पण दिवाळीपासून संक्रांतीपर्यंत आपल्या पऱ्हाटीच्या तासांत ते आईच्या पाठीवर असते, नाहीतर धुऱ्यावरच्या निंबास बांधलेल्या झोळीत असते. आपल्या जमिनीवर जे घडते त्याची जबाबदारी आपली, हे तत्त्व आपण बैलाच्या बाबतीत मानतो, विहिरीच्या बाबतीत मानतो. तेव्हा मुलाच्या बाबतीत ते नाकारण्यास काही कारण दिसत नाही.

बुटीबोरीचा कास्तकार ह्या प्रश्नाकडे डोळेझाक करू शकत नाही, ह्याचे एक विशेष कारण आहे. नागपूर-वर्धा रस्त्याच्या एका अंगास औद्योगिक वसाहतीची धुराडी आहेत, आणि दुसऱ्या अंगास कापूस, तूर, सोयाबीन व संत्र्याचे मळे आहेत. धुराड्यांकडील मजुरिणीच्या मुलाचा विचार कायद्याने फार पूर्वी केला. १९४८ च्या कारखान्यांच्या कायद्याने ५० हून अधिक स्त्रिया कामास असतील तेथे पाळणाघर असावे असे ठरविले, आणि १९७६ च्या दुरुस्तीने ती संख्या ३० वर आणली. १९५१ च्या मळेमजुरांच्या कायद्याने चहा-कॉफीच्या मळ्यांतही तशीच तरतूद केली. २००५ च्या रोजगार हमीच्या केंद्रीय कायद्याने तर, कामावर सहा वर्षांखालील पाच किंवा अधिक मुले आली तर मजुरिणींपैकीच एकीस त्यांच्या सांभाळास नेमून तिला मजुरी द्यावी, असे सांगितले. साध्या शेतावर निंदणास किंवा वेचणीस येणाऱ्या बाईच्या मुलाचे नाव ह्यांपैकी कोणत्याही कलमात नव्हते. जेथे कायदा पोचला नाही तेथे धर्मबुद्धी पोचावी, एवढेच आमचे म्हणणे आहे.

ही कल्पना आपल्या भागास परकी आहे असेही नाही. नागपुरास १८७७ साली सुरू झालेल्या एम्प्रेस मिलने स्त्री-मजुरांच्या मुलांसाठी पाळणाघराची सोय केली होती, आणि मध्यप्रांतात १९३० साली प्रसूतिलाभाचा कायदा झाला होता. त्या काळी जेथे अशी सोय नव्हती तेथे काय चाले, हे १९३१ च्या शाही मजूर आयोगाच्या अहवालावरून कळते : आई कामावर असताना मूल निपचित पडून राहावे म्हणून गिरणीतल्या बाया त्याला अफू चाटवीत. मुलास प्रेमाने विष देण्याची पाळी आईवर येते ती तिच्या अज्ञानाने तितकी येत नाही, जितकी तिच्या निरुपायाने येते. हा धडा विसरण्याजोगा नाही.

आता मूळ विषयाकडे वळू. मूल अंगाशी बांधून वागविण्याची रीत आपल्याकडे जुनी आहे. गोंडांच्या पाड्यांत, बंजाऱ्यांच्या तांड्यांत आणि आपल्याच गावच्या मजुरांच्या वस्तीत ती अद्याप जिवंत आहे. सुशिक्षित व सधन घरांतून मात्र ती नाहीशी झाली, आणि गंमत अशी की, त्याच घरांतल्या सुना आता नागपूरच्या दुकानांतून पट्ट्यांच्या तयार पिशव्या मोल देऊन आणू लागल्या आहेत. पिशवी आली, पण बांधण्याची विद्या तिच्याबरोबर आली नाही. तिकडे मजुरिणीपाशी विद्या आहे, पण तिच्यात काही जुन्या चुकाही आहेत. तेव्हा दोघींनीही काही शिकावयाचे आहे, हे प्रथम मान्य केले पाहिजे.

मूल अंगाशी असणे हे स्वतः हितकरच आहे, याविषयी आता शंका उरली नाही. कोलंबिया देशातील बोगोटा शहरी १९७८-७९ च्या सुमारास डॉ. एडगर रे व त्यांचे सहकारी डॉ. मार्टिनेझ यांनी, उबपेट्या अपुऱ्या पडतात म्हणून, अपुऱ्या दिवसांची मुले आईच्या उघड्या छातीशी बांधून ठेवण्यास सुरुवात केली. निरुपायातून निघालेली ही युक्ती पुढे शास्त्राने उचलून धरली. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयातही तिची पद्धतशीर परीक्षा झाली. भारतासह पाच देशांतील रुग्णालयांत झालेल्या आणि २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात असे दिसले की, एक ते सुमारे १.८ किलो वजनाच्या मुलांस जन्मल्याबरोबर आईच्या छातीशी ठेवण्यास आरंभ केला तर पहिल्या २८ दिवसांतील मृत्यू सुमारे चतुर्थांशाने घटतात. निरोगी मुलाविषयी पाहावे तर, कॅनडातील माँट्रियल येथे १९८६ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात, रोज अधिक वेळ अंगावर वागविलेली मुले सहाव्या आठवड्यात इतर मुलांपेक्षा ४३ टक्के कमी वेळ रडली. आपल्या आज्यांस हे कोणी सांगावे लागले नव्हते. पण नातसुनेस ते आकड्यांनी पटत असेल तर आकडेही आहेत.

मात्र येथे एक भेद नीट ध्यानात धरावा. छातीशी मूल ठेवून आईने विसावलेले असणे ही एक गोष्ट, आणि मूल बांधून आईने दिवसभर वाकून काम करणे ही दुसरी. पहिलीचे गुण दुसरीच्या पदरात घालून, 'मूल आईजवळ आहे ना, मग चिंता कसली' असे म्हणणे हे लबाडीचे होईल.

धोका कोठे आहे? तो पडण्यात जितका आहे त्याहून अधिक श्वास कोंडण्यात आहे. तान्ह्या मुलाचे डोके शरीराच्या मानाने जड व मान लुळी असते. कापडाच्या खोलीत त्याची पाठ वाकली म्हणजे हनुवटी छातीवर टेकते, आणि वेळूच्या कोवळ्या नळीस पीळ बसावा तशी श्वासनलिका चिमटते. किंवा नाक-तोंड आईच्या अंगात वा कापडात दाबले जाते. अशा वेळी मूल हातपाय झाडील, रडेल, आणि मग आपणांस कळेल, असा जो समज आहे तो पूर्ण खोटा आहे. पहिल्या काही महिन्यांतील मूल झगडत नाही. ते मुकाट्याने निपचित होते, आणि आईस वाटते की झोप लागली. अमेरिकेच्या ग्राहक-वस्तू सुरक्षा आयोगाने मार्च २०१० मध्ये जो इशारा दिला त्यात मागील २० वर्षांत अशा झोळ्यांत दगावलेल्या १४ मुलांची नोंद होती, आणि त्यांपैकी १२ चार महिन्यांच्या आतली होती. जेथे अशा मृत्यूंची मोजदाद होते तेथली ही गोष्ट. धुऱ्यावर मेलेल्या मुलाची मोजदाद कोण करतो?

म्हणून बांधण्याचे नियम आम्ही येथे स्पष्टपणे देतो. ते घरातल्या स्त्रियांस वाचून दाखवावेत, आणि पुरुषांनी स्वतःही शिकावेत.

१. कापड सुती, धुऊन मऊ झालेले, साडीच्या लांबीचे असावे. उन्हाकडे धरून विरलेले नाही हे पाहावे. फवारणीच्या वेळी नेसलेले लुगडे किंवा खत-औषधांची पोती ह्या कामास कधीही घेऊ नयेत.

२. बांधणी घट्ट असावी. आईने किंचित वाकून पाहावे. मूल अंगापासून सुटून लोंबले तर गाठ सोडून पुन्हा बांधावे. सरकफासाची गाठ देऊ नये.

३. मूल उभे असावे, आडवे नव्हे. त्याचे तोंड खाली पाहिले की दिसले पाहिजे. पदराने ते झाकू नये. त्याचे कपाळ इतके वर असावे की मान वाकविताच त्याचा मुका घेता यावा.

४. हनुवटी व छाती ह्यांमध्ये दोन बोटे शिरतील इतके अंतर राहावे. पाठ सरळ व आधारलेली असावी.

५. मांड्या फाकलेल्या, गुडघे ढुंगणाहून थोडे वर, जसे मूल कडेवर बसते तसे. पाय सरळ ताणून गुंडाळल्याने कंबरेचा सांधा निखळण्याचा धोका वाढतो. जपानात १९७० नंतरच्या दशकात पाय मोकळे ठेवण्याची शिकवण घरोघर दिली, तेव्हा तेथील ही व्याधी पुष्कळच कमी झाली. कडेवर मूल घेण्याची आपली रीत ह्या बाबतीत उत्तम आहे. ती सोडू नये.

६. पाजावयाचे असेल तेव्हा कापड सैल करावे, आणि पाजून होताच मूल पुन्हा वर घेऊन नीट बांधावे. पाजताना झोपलेले मूल तसेच आडवे राहू देणे हेच बहुधा घातक ठरते.

७. मान पक्की धरीपर्यंत, म्हणजे साधारण चार महिने, मूल पाठीवर बांधू नये. पाठीवरचे मूल दिसत नाही, म्हणून दर थोड्या वेळाने दुसरीने पाहावे. मूल कण्हत असेल, ओठ निळसर असतील, अंग सैल पडले असेल, तर हातातले काम टाकून त्याला तत्काळ बाहेर काढावे.

शिकण्याची रीतही सांगतो. नवा गोऱ्हा जुंपण्यापूर्वी आपण जू, शिवळ, सापती तपासतो आणि प्रथम रिकामी बंडी ओढवितो. तसेच येथे करावे. प्रथम तीन-चार किलो गव्हाची पिशवी बांधून पाहावी, चालावे, बसावे, उठावे. मग खाटेवर बसून, जवळ जाणती बाई असताना, मूल बांधावे. आठ दिवसांत हात बसतो. अपुऱ्या दिवसांचे, वजनाने कमी किंवा सर्दीने नाक चोंदलेले मूल असेल तर आशाताईस किंवा डॉक्टरास विचारल्यावाचून कापडात बांधू नये.

आता वेचणीचा विचार करू. वेचणाऱ्या बाईच्या पुढे कापसाची ओटी असते, म्हणून मूल मागेच जाणार. आणि ती दिवसभर वाकणार. सबब चार महिन्यांखालील मुलाची आई वेचणीस आली तर तिच्या मुलाची जागा तिच्या पाठीवर नव्हे, सावलीत आहे. मोठे मूलही सकाळच्या थंड वेळी थोडका काळ पाठीवर राहील तर चालेल, दुपारी नाही. दोन अंगांची ऊब एकमेकांस तापविते, आणि आपल्याकडचे ऊन काय असते हे नागपूरकरास सांगावयास नको. वैशाखात तर पारा ४५ अंशांच्या वर जातो. सहा महिन्यांखालील मुलास उन्हात पाणी नको, आईचे दूध अधिक वेळा हवे. कोयता-विळ्याच्या कामात, चुलीपाशी, कडबाकुट्टी किंवा मळणीयंत्राजवळ मूल अंगावर असू नये. मोटारसायकलीवर तर ते मुळीच बांधू नये. अपघातात कापड काहीएक राखत नाही.

लोंबत्या झोळीविषयीही चार शब्द. फांदी जिवंत व जाड असावी. वर मोहोळ आणि खाली मुंग्यांचे वारूळ नाही हे पाहावे. झोळी जमिनीपासून हातभरच उंच असावी, तिच्या दोन्ही काठांमध्ये आडवी काठी घालून तोंड उघडे ठेवावे, म्हणजे कापड मुलाच्या चेहऱ्यावर मिटत नाही. लोंबती दोरी मुलाच्या मानेजवळ राहू देऊ नये, आणि पाच वर्षांच्या बहिणीवर झोके देण्याचे काम सोपवू नये. अगदी तान्ह्या मुलास खोल झोळीपेक्षा सावलीत राखणीला बाई असताना सपाट खाटेवर उताणे निजविणे अधिक सुरक्षित. खोल झोळीतही पाठ वाकते आणि हनुवटी छातीवर येते, हे वर सांगितलेच आहे.

सर्वांत कडक नियम फवारणीचा. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन २० हून अधिक शेतकरी-मजूर दगावले, हे आपण कोणी विसरलो नाही. धट्टाकट्टा पुरुष ज्या वाफेने पडतो ती चार किलोच्या जीवास काय करील? फवारणीच्या दिवशी शेतात आणि वाऱ्याच्या खालच्या धुऱ्यावर मूल असताच कामा नये. शेजाऱ्याने आदल्या दिवशी सांगावे, हा शेजारधर्म समजावा.

ह्यावर तीन आक्षेप येतील. पहिला असा की, ह्या बाया पिढ्यान् पिढ्या मुले वागवीत आल्या, त्यांस शिकविणारे आपण कोण? आक्षेप अर्धा खरा आहे. बांधण्याची कला त्यांचीच आहे आणि आपल्या सुनांनी ती त्यांच्यापाशीच शिकावी. पण हनुवटीची व झाकल्या तोंडाची गोष्ट अनुभवाने सहज कळणारी नाही, कारण जे मूल असे जाते त्याच्याविषयी 'नजर लागली' किंवा 'देवाने नेले' इतकेच म्हटले जाते. गडचिरोलीस डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी ३९ गावांत गावच्याच स्त्रियांस नवजात मुलाची शुश्रूषा शिकविली, आणि तिसऱ्या वर्षी नवजात मृत्यूंचे प्रमाण सुमारे ६२ टक्क्यांनी उतरले. १९९९ साली हे जगापुढे प्रसिद्ध झाले. खेड्यातली बाई शिकते आणि शिकविते, ह्याहून मोठा पुरावा आम्ही काय द्यावा? आणि तो आपल्या विदर्भातलाच आहे.

दुसरा आक्षेप असा की, मुले शेतात आणूच नयेत, अंगणवाडी आहे. अंगणवाडी ही आपल्याच महाराष्ट्राची देणगी. ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी बोर्डी व कोसबाड येथे मुलांच्या अंगणापर्यंत आणि गुरे वळणाऱ्या पोरांच्या कुरणापर्यंत शाळा नेली. १९७५ पासून देशभर अंगणवाड्या झाल्या. परंतु साध्या अंगणवाडीत तीन वर्षांवरील मूल काही तास बसते. अंगावर पिणारे मूल दिवसभर सांभाळण्याची सोय तेथे नसते. शिवाय वेचणीसाठी परगावाहून टोळ्या येतात, त्यांस गावात आजीही नसते. दिल्लीत १९६९ साली मीरा महादेवन यांनी इमारतींच्या कामांवरील मजुरांच्या मुलांसाठी फिरती पाळणाघरे काढली, ती हेच ओळखून की, मूल जेथे आहे तेथे सोय गेली पाहिजे.

तिसरा आक्षेप खर्चाचा, आणि तो आम्ही हसण्यावारी नेत नाही. कापसाचा भाव आणि वेचणीचा दर ह्यांच्या कात्रीत सापडलेल्या कास्तकाराने आणखी किती सोसावे, हा प्रश्न खरा आहे. पण हिशेब करून पाहावा. पंधरा बायांच्या टोळीमागे मुले राखण्यास एक बाई ठेविली तर मजुरीत पंधराव्या हिश्श्याची भर पडते, आणि शेजारच्या तीन शेतांनी मिळून ती ठेविली तर प्रत्येकास तिसरा वाटा येतो. उलट, जिचे कान झोळीकडे लागले आहेत ती बाई पालापाचोळा निवडून स्वच्छ कापूस वेचील अशी अपेक्षा कशी करावी? वेचणीची मजुरी किलोवर असते, म्हणून पाजण्यास गेलेल्या वेळाचे नुकसान कास्तकाराचे होत नाही, त्या आईचेच होते. म्हणजे आज ह्या मुलाचा सारा खर्च गावातली सर्वांत गरीब बाई सोशीत आहे. त्यातला थोडा आपण उचलावा, इतकेच मागणे आहे.

यास्तव आपल्या मंडळाने पुढील वेचणीपूर्वी चार गोष्टी ठरवाव्यात, अशी आमची सूचना आहे. एक, प्रत्येक सभासदाने वेचणीच्या शेतात सावली, प्यावयाचे पाणी व एक खाट ठेवावी. दोन, पाच मुले आली की राखणीस मजुरी देऊन एक वयस्क बाई नेमावी. रोजगार हमीच्या कायद्याने जे माप घातले तेच आपण खुषीने घ्यावे. तीन, तान्ह्या मुलाच्या आईस दिवसातून निदान तीन वेळा पाजण्यास सोडावे, आणि रोजंदारी असेल तर तो वेळ कापू नये. चार, संक्रांतीच्या हळदीकुंकवास आशाताईस बोलावून मूल बांधण्याचे प्रात्यक्षिक सर्व स्त्रियांपुढे करवावे, मजुरिणींसही मानाने बोलवावे, आणि वाण म्हणून स्टीलच्या वाटीऐवजी सुती कापड द्यावे. त्या दिवशी पुरुषांनीही ओसरीवर बसून ऐकावे. बापाच्या छातीशी मूल बांधले तर त्याच्या मिशीस काही कमीपणा येत नाही.

झाशीच्या राणीच्या पाठीशी बांधलेले मूल आपण चित्रांत व पुतळ्यांत पाहतो आणि हात जोडतो. गायीचे दूध विकावयास गेलेली हिरकणी तान्ह्यासाठी रायगडाचा कडा उतरली, ही गोष्ट आपण पोरांस सांगतो, आणि तिच्या नावाने बसस्थानकांवर माउलींसाठी खोल्याही झाल्या. मातृत्वाचा हा गौरव खरा असेल तर तो इतिहासापाशी थांबू नये. जिच्या हातांनी आपला कापूस घरी येतो तिच्या पाठीवरचे मूल सुखाने श्वास घेत आहे की नाही, हे दिवसातून एकदा वाकून पाहण्यास कास्तकारास वेळ काढता येईल. आणि तो ह्या हंगामापासूनच काढावा, अशी आमची सर्व सभासदांस आग्रहाची विनंती आहे.